ढाक्यातलं रिव्हॉल्व्हर आणि जबलपूरचा कैदी

डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीच्या संग्रहात एक रिव्हॉल्व्हर आहे. .३८ बोअरचं, सहा गोळ्यांचं, फौजेत हजारोंनी वाटलं गेलेलं साधं सरकारी हत्यार. मुठीला चांदी नाही, नळीवर नक्षी नाही. १६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या पूर्व विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल अमीर अब्दुल्ला खान नियाझी यांनी शरणागती पत्करताना ते ढाक्यात भारताचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या हाती दिलं. तिथून त्या हत्याराची आणि त्या माणसाची वाट वेगळी झाली. रिव्हॉल्व्हर डेहराडूनला पोचलं, आणि नियाझी युद्धकैदी म्हणून जबलपूरला.

जबलपूर हे फौजेचं गाव. जम्मू-काश्मीर रायफल्सचं केंद्र इथे आहे, सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्र आहे, १९७६ पासून ग्रेनेडियर्सचंही आहे. तोफगाड्यांचा कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि लष्करी वाहनांचा कारखाना यांच्या भोंग्यांवर इथल्या कित्येक मोहल्ल्यांचा दिवस चालत आला. या कारखान्यांत आणि छावणीच्या कचेऱ्यांत नोकरीला आलेली मराठी कुटुंबंही इथलीच झाली. अशा गावात साठ-सत्तरच्या दशकांत सेवा केलेल्या माणसांपुढे ‘थर्टी-एट’ हा शब्द काढून बघा. बंदुकीबद्दल, तोफेबद्दल ते अदबीनं बोलतील. थर्टी-एटबद्दल बोलताना मात्र आवाज मवाळ होतो, हात आपोआप कमरेच्या उजव्या बाजूला जातो.

या मायेचं कारण त्या हत्याराच्या ताकदीत शोधायला गेलं तर सापडणार नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे .४५५ बोअरचं वेब्ली असे. जड, दणकट, आणि झाडल्यावर मनगटाला हिसका देणारं. घाईघाईनं भरती केलेल्या, सराव नसलेल्या हातांना ते आवरत नसे, नेम चुके. युद्ध संपल्यावर ब्रिटिश फौजेनं हलकं हत्यार मागितलं. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यानं वेब्लीच्याच बांधणीवरून .३८ चं रिव्हॉल्व्हर बनवलं, आणि १९३२ मध्ये ते ‘एनफिल्ड नंबर २’ या नावानं फौजेत दाखल झालं. वजन पाऊण किलोच्या आसपास. वेब्ली कंपनीचं स्वतःचं .३८ ही दुसऱ्या महायुद्धात मोठ्या संख्येनं घेतलं गेलं, आणि भारतीय पलटणींत दोन्ही आली.

त्याची बांधणी एकदा बघितली की विसरत नाही. वरचा खटका दाबला की नळी पुढे झुकते, हत्यार मधोमध उघडतं आणि त्याच हालचालीत सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. रणगाड्यांवरच्या लोकांची तक्रार होती की अरुंद जागेत वर-खाली करताना घोड्याचं टोक कशात तरी अडकतं. म्हणून पुढच्या आवृत्तीत ते टोकच छाटून टाकलं. मग घोडा अंगठ्यानं मागे ओढायची सोय राहिली नाही, प्रत्येक गोळीला चाप पूर्ण दाबायचा. मुठीच्या तळाला एक कडी असे. तिच्यात लॅनयार्डची दोरी अडकवायची आणि दुसरं टोक गळ्यात किंवा खांद्यावर. घोड्यावरून, जीपमधून, रणगाड्यावरून माणूस पडला तरी हत्यार त्याच्याबरोबर राहिलं पाहिजे. फौजेत हत्यार हरवण्याइतकी नामुष्कीची गोष्ट थोडी, आणि तिची चौकशीही तितकीच कडक.

गोळी संथ होती, फार खोल घुसत नसे, आणि पंचवीस-तीस पावलांपलीकडे तिचा भरवसा धरणं अवघड होतं. लढाईत पुढे जाणारे बरेच अधिकारी रिव्हॉल्व्हर म्यानातच ठेवून हातात स्टेन कार्बाइन घेत. कमरेच्या रिव्हॉल्व्हरवरून शत्रूचा नेमबाज अधिकारी ओळखतो, हेही त्यामागचं एक शहाणपण होतं. पण थर्टी-एट अडत नसे. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप दाबायचा, चक्र फिरून पुढची गोळी समोर येते. रात्री तंबूत उशाखाली ठेवायला, गस्तीवर निघताना कोतमधून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातून, सही करून घ्यायला आणि परत आल्यावर चिंदी-तेलानं पुसून, नळी उजेडाकडे धरून बघून जमा करायला ते सोबतीचं हत्यार होतं. तरुण अधिकाऱ्याच्या नावावर सरकारनं ठेवलेली ती पहिली जबाबदारी असे. माया बसली ती या रोजच्या हाताळणीमुळे, असं मला वाटतं. मारलेल्या माणसांचा हिशेब कुणी रिव्हॉल्व्हरवर मांडत नाही.

१९४७ मध्ये फौज वाटली गेली, तेव्हा हत्यारंही वाटली गेली. लष्करी कारखाने मात्र सगळेच्या सगळे, म्हणजे सोळाही, भारतात राहिले. त्यांतले दोन जबलपूरचे होते. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ चा, आणि खमरिया दुसऱ्या महायुद्धातला. इकडे आपल्या लहान हत्यारांच्या काडतुसांची मोठी भिस्त पुण्याजवळच्या खडकी कारखान्यावर होती, जो १८६९ पासून चालू आहे. पाकिस्ताननं पुढे वाह इथे स्वतःचा कारखाना काढला. पण दोन्ही फौजांच्या कोतमध्ये तेच एनफिल्ड, तेच वेब्ली, आणि दोन्हीकडच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचं शिक्षण एकाच ब्रिटिश भारतीय फौजेतलं. अरोरा १९३९ मध्ये डेहराडूनमधून कमिशन घेऊन बाहेर पडले होते. नियाझींना ब्रह्मदेशच्या आघाडीवर मिलिटरी क्रॉस मिळाला होता आणि ‘टायगर’ हे टोपणनावही तिथलंच. ढाक्यात हस्तांतरित झालेलं हत्यार देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखंच ओळखीचं होतं.

ढाक्याची वाट ज्या पलटणींनी उघडली त्यांत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, आणि तो महाराष्ट्रात पुरेसा सांगितला जात नाही. उत्तरेकडून निघालेल्या ब्रिगेडियर क्लेर यांच्या ब्रिगेडनं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जमालपूरला वेढा घातला. या ब्रिगेडमध्ये पहिली मराठा लाइट इन्फंट्री होती, म्हणजे ‘जंगी पलटन’, आणि तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. जमालपूर बलुच पलटणीच्या ताब्यात होतं. विनाकारण माणसं मरू नयेत म्हणून क्लेर यांनी ९ डिसेंबरला तिच्या कमांडरला, कर्नल सुलतान यांना, शरण येण्याचं पत्र पाठवलं. बांगलादेशाच्या मुक्तिवाहिनीतला एक वयस्क माणूस ते घेऊन शत्रूच्या ठाण्यात गेला. उत्तर त्याच दिवशी आलं. कागदात एक बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती, आणि मजकुराचा भाव असा की पुढच्या भेटीत तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेन दिसेल अशी आशा आहे.

उत्तर बाणेदार होतं, ते नाकारायचं कारण नाही. १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरच्या फौजेनं वेढा फोडून दक्षिणेकडे निसटायचा प्रयत्न केला. तिच्या वाटेवर जंगी पलटनीचे मोर्चे होते. रात्रभर अंधारात लढाई झाली, बलुच पलटणीची फार मोठी हानी झाली, आणि सकाळी जमालपूर पडलं. कर्नल सुलतान थोड्या माणसांनिशी ढाक्याकडे निसटले.

त्याच ११ डिसेंबरला टांगाईलजवळ आकाशातून दुसरी पॅरा बटालियन उतरली. तिच्या नावापुढे तेव्हा कंसात ‘मराठा’ लिहीत, कारण ही मुळातली मराठा पलटण, १७९७ मध्ये उभी राहिलेली आणि नंतर छत्रीधारी झालेली. लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल तिनं धरला, जमालपूरहून आलेली पहिली मराठा तिला तिथे येऊन मिळाली, आणि १६ तारखेच्या सकाळी याच दुसऱ्या पॅराचे जवान ढाक्याच्या वेशीवर मीरपूर पुलाशी उभे होते. मेजर जनरल गंधर्व नागरा तिथे पोचले. नियाझी त्यांच्या जुन्या ओळखीचे. नागरांनी छोटी चिठ्ठी लिहिली: मी पुलाशी आलो आहे, खेळ संपला आहे, स्वतःला माझ्या हवाली करा. चिठ्ठी आत गेली आणि पाकिस्तानी अधिकारी त्यांना घ्यायला बाहेर आले.

दुपारी भारताच्या पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब शरणागतीचा मसुदा घेऊन ढाक्यात उतरले. त्यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे ढाक्यात नियाझींची सव्वीस हजारांवर फौज होती, आणि भारताचे जेमतेम तीन हजार सैनिक शहराच्या आसपास होते. नियाझींना युद्धविराम हवा होता, जाहीर शरणागती नको होती. जेकबांनी त्यांना विचार करायला अर्धा तास दिला आणि खोलीबाहेर पडले. परत आल्यावर कागद टेबलावर तसाच होता. मान्य आहे का, असं त्यांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नियाझी गप्प राहिले. जेकबांनी ती होकाराची खूण मानली.

पुढे प्रश्न आला शरणागतीच्या रिवाजाचा. जुन्या रिवाजाप्रमाणे पराभूत सेनापती आपली तलवार देतो. नियाझी म्हणाले, माझ्याकडे तलवार नाही. मग रिव्हॉल्व्हर द्यायचं ठरलं. रत्नजडित मुठीच्या तलवारीच्या जागी सरकारी थर्टी-एट असं आलं.

रमना रेसकोर्सवर एक टेबल, दोन खुर्च्या. सभोवती लाखांचा जमाव. पाकिस्तानी फौजेच्या नऊ महिन्यांच्या अत्याचारांनी होरपळलेली ती माणसं होती आणि त्यांना नियाझी हवे होते. सैनिकांनी कडं करून जमाव थोपवला. अरोरा आणि नियाझी शेजारी बसले. मागे व्हाइस ॲडमिरल कृष्णन, एअर मार्शल देवान, लेफ्टनंट जनरल सगतसिंग, जेकब. कागदावर वेळ नोंदली गेली दुपारी ४ वाजून ३१ मिनिटं. सही झाल्यावर नियाझींनी खांद्यावरचं पदचिन्ह उतरवलं, लॅनयार्डसकट रिव्हॉल्व्हर काढलं आणि अरोरांना दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं जेकब सांगतात. पाकिस्तानी फौजेचे जनसंपर्क अधिकारी सिद्दिक सालिक यांनीही आपल्या पुस्तकात या रिव्हॉल्व्हरची नोंद केली आहे. नियाझी जे देत होते ते पूर्व पाकिस्तान होतं, हे सालिक यांनाही कळलं होतं.

आणि मग ती गोष्ट, जी जुन्या सैनिकाला सांगितली की तो क्षणभर गप्प होतो. जेकबांनी नंतर ते रिव्हॉल्व्हर हातात घेऊन पाहिलं. नळी घाणीनं तुंबलेली होती. कित्येक दिवसांत तिच्यात चिंदी फिरली नव्हती. लॅनयार्ड मळकं, जागोजागी विरलेलं. सेनापतीचं वैयक्तिक हत्यार असं असणं शक्य नाही, हे त्यांनी ताडलं. बहुधा आपल्या मिलिटरी पोलिसांपैकी कुणाचं तरी रिव्हॉल्व्हर घेऊन नियाझींनी ते आपलं म्हणून दिलं असावं, आणि तेवढ्यापुरता पराभवाचा वचपा काढला असावा, असं त्यांचं अनुमान.

अनुमान खरं धरलं तरी वचपा काढल्याचं जेकबांचं म्हणणं मला पटत नाही. ज्या फौजेत नियाझी आणि अरोरा दोघेही वाढले, तिथे हत्यार घाण ठेवल्याची लाज ते बाळगणाऱ्याला असते, घेणाऱ्याला नसते. रंगरूट असताना नळीत गंजाचा ठिपका दिसला म्हणून मैदानाला फेऱ्या मारलेला कुठलाही जवान हे सांगेल. ते रिव्हॉल्व्हर नियाझींचं नसेल तर त्यांनी शरणागतीच्या क्षणी स्वतःच्या शिपायाची ढिलाई जगासमोर ठेवली. त्यांचं स्वतःचं असेल तर त्याहून वाईट. अरोरांच्या विजयाला त्यानं काडीचाही कमीपणा येत नाही.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे लक्ष कमी जातं. शहरात भारतीय सैनिक थोडे आणि सूडाची आग मोठी. म्हणून पाकिस्तानी फौजेला स्वसंरक्षणापुरती हत्यारं काही दिवस जवळ ठेवू दिली गेली. ती १९ डिसेंबरला ढाका छावणीच्या गोल्फ मैदानावर खाली ठेवली गेली. हरलेल्या शत्रूला त्याच्याच बंदुकीनिशी तीन दिवस सांभाळणं, हे जिंकणाऱ्या फौजेच्या शिस्तीचं फार मोठं काम होतं. २० तारखेला नियाझींना विमानानं कोलकात्याला नेलं. काही काळ ते फोर्ट विल्यममध्ये होते, नंतर जबलपूरच्या युद्धकैद्यांच्या छावणीत, कॅम्प नंबर १०० मध्ये.

जबलपूरला कैदी नवे नव्हते. १८३० च्या दशकात इंग्रज अधिकारी स्लीमननं पकडलेल्या ठगांना आणि माफीच्या साक्षीदारांना इथेच ठेवून त्यांच्याकडून सतरंज्या, गालिचे विणून घेतले होते. सुभाषचंद्र बोस इथल्या मध्यवर्ती तुरुंगात होते, आणि आज त्या तुरुंगाला त्यांचंच नाव आहे. पण आता या गावाला सेनापतीच्या हुद्द्याचा शत्रू सांभाळायचा होता. नियाझींबरोबर ढाक्यातले इतर वरिष्ठ अधिकारीही इथे होते.

१९४९ च्या जिनिव्हा कराराची कलमं यासाठी मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. युद्धकैद्याकडून हत्यार काढून घ्यायचं, पण त्याचा लोखंडी टोप आणि गॅस मास्कसुद्धा त्याच्याकडेच राहतो. हुद्द्याची चिन्हं, पदकं, वैयक्तिक मोलाच्या वस्तू काढून घेता येत नाहीत. अधिकाऱ्याला कामाला लावता येत नाही. मात्र छावणीचा प्रमुख कितीही कनिष्ठ हुद्द्याचा असला तरी कैदी अधिकाऱ्यानं, मग तो जनरल का असेना, त्याला सलाम करायचा. मिलिटरी क्रॉस मिळवलेल्या जनरलनं छावणी-प्रमुखाला सलाम ठोकायचा, आणि प्रमुखानं त्या हुद्द्याचा मान ठेवायचा. रिव्हॉल्व्हर सोडून बाकी सारा सैनिकी शिष्टाचार त्या माणसाजवळ शिल्लक होता.

तिथून काही मैलांवर कारखाने चालूच होते. लष्करी वाहनांचा नवा कारखाना नुकताच उभा राहिला होता. शक्तिमान ट्रक, निस्सानची गाडी आणि जोंगा यांची नावं जबलपूरशी कायमची जोडली गेली ती या वर्षांत. ‘जोंगा’ हे नावच मुळी जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून आलेलं.

२ जुलै १९७२ ला सिमला करार झाला, पण कैद्यांचा प्रश्न बांगलादेशाला वगळून सुटणार नव्हता. २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर परतवणी सुरू झाली. १९५ अधिकाऱ्यांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचा बांगलादेशाचा आग्रह होता, तो एप्रिल १९७४ मध्ये त्यानं सोडून दिला. नऊ महिन्यांच्या कत्तलीसाठी त्या अधिकाऱ्यांपैकी कुणावरही खटला चालला नाही, याची खंत आजही वाटते. सुमारे त्र्याण्णव हजार कैद्यांपैकी अगदी शेवटी, ३० एप्रिल १९७४ रोजी, नियाझी वाघा सीमा ओलांडून गेले. त्यांच्या देशानं त्यांना सन्मानानं घेतलं नाही. त्यांना सेवेतून काढलं गेलं. १९९८ मध्ये त्यांनी आपली बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं आणि २००४ मध्ये लाहोरात त्यांचं निधन झालं. अरोरा २००५ मध्ये गेले, जेकब २०१६ मध्ये.

थर्टी-एटचे दिवसही हळूहळू सरले. फौजेच्या कमरेला ९ मिलिमीटरचं ब्राउनिंग पद्धतीचं पिस्तूल आलं, तेरा गोळ्यांच्या मॅगझिनचं, कॅनडातल्या इंग्लिस कंपनीच्या नमुन्यावरून बंगालच्या इशापूर कारखान्यात बनलेलं. ते अधिक भेदक, अधिक गोळ्यांचं, भरायला झटपट. नव्या पिढीच्या आठवणी त्याच्याशी जुळल्या आहेत आणि त्यात काही गैर नाही. पण नळी मोडून सहा पुंगळ्या तळहातावर घेण्याची सवय ज्यांच्या बोटांना होती, ती माणसं आता फार थोडी उरली आहेत.

१९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज सत्तरीच्या मध्यावर किंवा ऐंशीच्या घरात आहे. जबलपूरच्या मोहल्ल्यांत, साताऱ्याच्या अपशिंग्यात, कोल्हापूर-सांगलीच्या गावोगावी हे लोक अजून भेटतात. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या घरात किंवा शेजारात असेल तर एखाद्या सुटीत त्यांच्याजवळ जाऊन बसा. युद्ध कसं होतं, असा मोठा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. तुमच्या नावावर कोणतं हत्यार होतं, कोतमध्ये ते कुठे लागायचं, नंबर काय होता, एवढंच विचारा. नंबर त्यांना पाठ असेल. पुढचं ते आपणहून सांगतील. ते सगळं त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख आणि पलटणीचं नाव घाला, आणि एक प्रत त्यांच्या रेजिमेंटच्या केंद्राकडे पाठवा.